'सह'ला मान किती?

नमस्कार मंडळी,

यंदाचं नाटक आपण आणि शेजारच्या शहरातलं मंडळ मिळून करतोय. दोन प्रमुख भूमिका, दोन मंडळांचे दोन नट. जाहिरातीत आधी नाव कुणाचं, यावर परवाच्या बैठकीत तासभर गेला. शेवटी कुणीतरी सुचवलं, "एकाचं वर घाला, दुसऱ्याच्या मागे 'सहकलाकार' लावा." झालं! "आम्ही सह? मग मुख्य कोण?"

राग खरा होता. नायिका मुलाखतीत 'माझे सहकलाकार' म्हणते, तेव्हा ती बरोबरीच्या नायकाबद्दल बोलत असते. नाटकाच्या जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांतली नावं संपली, की खाली बारीक टाइपात 'सहकलाकार' सुरू होतात. शब्द एकच, पंगत वेगळी. खोड 'सह'मध्येच आहे. सहप्रवासी, सहाध्यायी म्हटलं की बरोबरीचे. सहसचिव म्हटलं की सचिवाच्या हाताखालचा. (आपले सहकार्यवाह समोरच बसलेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.) दुय्यमच म्हणायचं असेल तर 'सहायक' आहे की.

हा पेच आपल्या रंगभूमीनं एकदा फार सुरेख सोडवला होता. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या तोडीच्या कंपन्या. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघींनी मिळून खाडिलकरांचं 'मानापमान' केलं. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोघंही गाणारे, दोघांचेही चाहते कट्टर. यांत कुणाला कुणाचा 'सह' म्हणणार? आणि तेही नेमकं 'मानापमान' नावाच्या नाटकात!

त्या प्रयोगाला 'संयुक्त मानापमान' म्हणतात. गंमत बघा, विशेषण नटाला लागलं नाही, नाटकाला लागलं. दोघांची नावं जशीच्या तशी राहिली, मागेपुढे काही चिकटलं नाही.

तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१. आज शंभर वर्षांनंतरही नाटकवाले त्या प्रयोगाबद्दल ऐकीव गोष्टी सांगतात, पण जाहिरातीत वर कुणाचं नाव होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपली जाहिरात उद्या छपाईला जातेय. 'संयुक्त' हा शब्द नाटकाच्या नावाआधी घालावा, असं मी सुचवतो. नावांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरवा. आणि दोन्ही नटांनी रविवारच्या तालमीला पाठांतर करून यावं. गेल्या खेपेला दोघंही कागद हातात घेऊन उभे होते.