लेकराला कर्ता करू नका

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे घरातला माणूस गेला, की दहाव्याच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं. बारा-तेरा वर्षांचं पोरगं, डोक्याचं मुंडण झालेलं, ओट्यावर बसलेलं असतं. पाहुणे एकेक करून येतात, पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "आता तूच घरचा कर्ता बरं का. रडायचं नाही. मायकडं बघायचं." पोरगं मान हलवतं. मग कुणीतरी चहा पिता पिता कौतुकानं सांगतं, "लई खंबीर आहे पोरगं. डोळ्याला पाणी नाही आलं त्याच्या."

मी मराठवाड्यातल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. आज या वाक्याबद्दलच बोलणार आहे. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल शंका नाही. पण हे वाक्य लेकराकडून काहीतरी मागतं, आणि नेमकं त्या दिवशी मागतं, ज्या दिवशी त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं. संकटातून गेलेलं मूल पुन्हा उभं राहतं ते भोवतालच्या मोठ्या माणसांच्या आधारानं. तो आधार द्यायच्या ऐवजी आपण त्याच्याच खांद्यावर घर ठेवतो.

एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आठवीतला मुलगा. वडिलांनी आत्महत्या केलेली. तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन, आणि खासगी फायनान्सचं कर्ज. सगळ्यांनी त्याला कर्ता केलं, म्हणून वडिलांचा मोबाईल त्याच्याकडे आला. वसुलीचे फोन तो घ्यायचा. आवाज जाड करून म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघतो." रात्री उठून माय श्वास घेतेय का ते बघायचा. सकाळी शाळेत पहिल्याच तासाला पोट दुखायचं. दवाखाना झाला, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. तेव्हा वर्गशिक्षक म्हणाले, नाटकं करतंय.

पोट खरोखर दुखत होतं. मोठा धक्का बसला की मुलाच्या शरीरातली धोक्याची यंत्रणा जागी होते. छाती धडधडते, झोप जाते, भूक मरते, आवाज झाला की अंग दचकतं. धोका टळला तरी ती यंत्रणा लगेच शांत होत नाही. कारखान्याची पाळी संपली तरी भोंगा वाजतच राहावा तसं होतं. आणि या पोराचा धोका तर टळलाही नव्हता, तो दर दोन दिवसांनी फोनवर येत होता.

त्याला धीर देणारं भाषण देऊन उपयोग नव्हता. त्याच्या हातातला फोन कुणीतरी काढून घ्यायला हवा होता. मामांनी तो घेतला, सिमकार्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकलं आणि त्याला सांगितलं, "पैशाचं मी बघतो, तू विचारायचंसुद्धा नाही." मोठी माय रात्री त्यांच्याकडे झोपायला येऊ लागली, म्हणजे आईवर पहारा ठेवायचं त्याचं काम सुटलं. आणि शाळेतल्या खेळाच्या सरांनी त्याला रोज संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर फक्की मारायला बोलावलं. बाकी काही विचारलं नाही. पोटदुखी दिवाळीनंतर कमी होत गेली. गणित मात्र कच्चंच राहिलं, तेही सांगते. एका वर्षात सगळं सुधारलं अशा गोष्टींवर माझा फार विश्वास नाही.

श्रोतेहो, या विषयातला एक फार मोठा अभ्यास हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर झाला. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तिथं जन्मलेल्या ६९८ मुलांची माहिती जन्मापासून ती चाळिशीला येईपर्यंत ठेवली. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकदम सापडलेली मुलं त्यांनी वेगळी पाहिली. त्यातली सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्यात सारखं काय होतं? काही स्वभावाचा भाग होताच. पण त्याबरोबर त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस टिकून होतं. आजी, मावशी, शेजारीण, एखादा शिक्षक. आई-वडीलच असायला हवेत असं नव्हतं. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की विशीत अडखळलेल्या बऱ्याच मुलांचं पुढे तिशीत बरं झालं, कारण त्यांना पुन्हा शिकायची, नोकरीची, चांगल्या जोडीदाराची संधी मिळाली. दहावीत नापास झालेलं पोरगं म्हणजे वाया गेलेलं पोरगं, असं आपण किती चटकन म्हणून मोकळे होतो!

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. धाराशिवची सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. घरची परिस्थिती हलाखीची होती हे तिनं स्वतः सांगितलंय. तिची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो, आणि ती आहेच. पण तिनं हेही सांगितलंय की २०१६ मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीनं ती निराश झाली होती, खेळ सोडायचं ठरवलं होतं. तेव्हा प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परत आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट सांगताना आपण मधला हा भाग गाळतो. मग ऐकणाऱ्या मुलीला वाटतं, सारिकाला जमलं, मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे.

मराठवाड्याला हा विषय नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारे अनेक जण आत्ता ऐकत असतील. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. उरलेल्या मुलांचं काय करायचं? भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला शिक्षणासाठी नेली. इकडे नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी 'आपलं घर' उभं केलं. गावापासून दूर न्यावं की जवळ ठेवावं, यावर तेव्हाही मतं दोन होती. माझं मत जवळच्या बाजूचं आहे, पण दोन्हीकडे एक गोष्ट लेकरांना मिळाली: सकाळी उठवणारं कुणीतरी, ठरल्या वेळेला ताट, शाळेची घंटा, संध्याकाळी खेळ. ज्याचं जग एका मिनिटात कोसळलंय, त्याला उद्या काय होणार हे माहीत असण्यासारखं औषध नाही.

त्या पुनर्वसनात आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. नवी गावं ऐसपैस वसली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. भूकंपाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण जुन्या गल्लीत ओट्याला ओटा लागून असायचा आणि रडणारं लेकरू चार घरांतल्या बायांच्या नजरेत असायचं. ती नजर नव्या वस्तीत विरळ झाली. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, तेरणा, मांजरेला पूर आले, घरं पडली, वह्या-पुस्तकं भिजून गेली. घर बांधायचा निधी येतो तेव्हा शेजार कसा राहील, हा प्रश्नही ग्रामसभेत कुणीतरी विचारायला हवा.

आता रोजच्या व्यवहाराकडे येते.

मोठं काही घडून गेल्यावर भेटायला येणारे लोक मुलाला विचारतात, "काय झालं? तू कुठं होतास? आधी कुणी बघितलं?" मग तेच पुढच्या पाहुण्यासाठी, पुन्हा पुढच्यासाठी. कधी त्यात माईक घेऊन आलेला पत्रकार. हे थांबवा. लेकराकडून घटना वदवून घेतली की मन मोकळं होतं, ही समजूत चुकीची आहे. त्याला बोलायचं असेल तेव्हा ऐकायचं, नसेल तेव्हा शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं संकटकाळातल्या मानसिक प्रथमोपचारासाठी २०११ मध्ये मार्गदर्शिका काढली, तिचाही गाभा हाच आहे: काय हवंय ते बघा, ऐका, आणि योग्य मदतीशी जोडून द्या. खोदून विचारा असं त्यात कुठेही नाही.

मात्र लेकरानं विचारलं तर खोटं सांगू नका. "बाबा पुण्याला गेलेत" हे वाक्य शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंतच टिकतं. तिथं कुणीतरी पोरगं खरं सांगतंच, आणि मग बापाबरोबर घरच्यांवरचा विश्वासही जातो. साध्या शब्दांत सांगा: "बाबा वारले. त्यांचं मन खूप आजारी होतं. आता ते परत येणार नाहीत. हे तुझ्यामुळे झालं नाही." कसं, कुठे, याचं वर्णन नको. शेवटचं वाक्य मात्र न विचारता म्हणायचं, आणि पुन्हा पुन्हा म्हणायचं. मी सायकल मागितली होती, फीसाठी रडले होते, त्या दिवशी उलट बोललो होतो. असला हिशेब मांडत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तो हिशेब ती मोठ्यानं कधी सांगत नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. असं मूल पहिल्यांदा शाळेत परत येतं तेव्हा परिपाठात उभं करून सांत्वन करू नका. त्याची जागा, त्याचा बाक, त्याचा जोडीदार तोच ठेवा. सहावीतल्या मुलानं पुन्हा अंथरूण ओलं करणं, लहानग्यानं आईचा पदर न सोडणं, मोठ्या मुलानं कारण नसताना मारामारी करणं, भूकंपानंतर लहान मुलांनी घर पाडण्याचा खेळ खेळणं, यातलं काहीही लाड किंवा वाह्यातपणा नाही. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप, खाणं, अभ्यास रुळावर येत नसेल, किंवा मूल "मी पण जातो" असं एकदा जरी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, तिथं मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८.

लेकराला काम अजिबात सांगू नये का? सांगावं की. शेळीला पाणी दाखवणं, धाकट्याची वही बघणं, आजीला औषध देणं. पेलेल असं काम मुलाला पुन्हा उभं करतं, काउआईच्या अभ्यासातही ते दिसलं. कर्जाचा आकडा आणि आईचे अश्रू ही त्याची कामं नाहीत.

मुलीची गोष्ट आणखी वेगळी. तिला कुणी कर्ता म्हणत नाही. तिला उजवून टाकतात. बाप गेला, पूर आला, पीक गेलं, की पहिला विचार निघतो तिच्या लग्नाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं, परभणीत सुमारे ४८ आणि बीडमध्ये जवळपास ४४. यात ऊसतोडीचा वाटा मोठा आहे. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, वयात आलेली मुलगी मागे कुणाकडे ठेवायची हा प्रश्न, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांची एक जोडी, होतो हे गणित. तिच्या मनाला बळ द्यायचं असेल तर त्या सहा महिन्यांत तिला गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह वेळेवर, हंगामाच्या आधी, सुरू व्हायला हवं. उशीर झाला की तोवर ती पोरगी कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, पोचलेली असते, धाकटी भावंडं सांभाळत. मी तिथं कुठल्या मानसशास्त्राची उजळणी करू?

शेवटी एक कामाची माहिती देते, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अठरा वर्षांपर्यंत मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा बोनाफाईड, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती लागतात. बाकीची यादी कार्यालयात विचारून घ्या. कुणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नका. या पैशातून घर चालत नाही, पण वह्या, गणवेश, एसटीचा पास निघतो, आणि पोराला दुकानात कामाला लावायची घाई थोडी कमी होते. तुमच्या गल्लीत असं घर असेल तर त्या माऊलीबरोबर एकदा जिल्ह्याच्या गावाला जा. कागदपत्रांची पिशवी आठवीतल्या पोराच्या हातात देऊन त्याला शाळा बुडवायला लावू नका. नमस्कार.