दोन सुतळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आमचे अण्णा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या अभियंता पलटणीतले. मागच्या वर्षी ते गेले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आज त्यांच्याबद्दल बोलायचं ठरवलंय, पण ते करताना आधी दुसऱ्याच एका माणसाचं नाव घ्यावं लागेल. अण्णांनाही ते आवडलं असतं.

लहानपणी आमच्याकडे लोखंडी खाट होती. संध्याकाळी अण्णा रजेवर घरी असले की मी आणि धाकटा भाऊ खाटेवर चढून बसायचो. अण्णा खाटेखाली पालथे पडायचे. माझ्या दोन्ही मनगटांना सुतळी बांधलेली, तिची दुसरी टोकं खाली अण्णांच्या हातात. एक सुतळी ओढली की रणगाडा निघाला, दुसरी ओढली की जागच्या जागी थांबला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, फरशी गार आहे!" आणि अण्णा खालून म्हणायचे, "राणेसाहेबांना कुठे फरशी होती?"

ते राणेसाहेब म्हणजे रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळचं चेंडिया गाव. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस शिपाई, बदलीची नोकरी, त्यामुळे मुलाची शाळाही सारखी बदलत राहिली. १० जुलै १९४० ला ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे अण्णांच्याच बॉम्बे सॅपर्समध्ये, साधे जवान म्हणून भरती झाले. पुढे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. अण्णांना या चढत्या पायऱ्यांचं फार अप्रूप होतं. "कुदळ-फावडं हातात घेऊन सुरुवात केली त्यांनी," हे वाक्य ते दर वेळी सांगत.

एप्रिल १९४८. काश्मीरसाठी पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं. जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे आपलं सैन्य निघालं होतं. ८ तारखेला डोग्रा पलटणीनं बारवाली टेकडी घेतली, पण पुढचा रस्ता सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी बंद. रणगाडे पुढे जाईनात. रस्ता मोकळा करायचं काम राणेंच्या तुकडीकडे आलं. सुरुवातीलाच तोफगोळे येऊन पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत स्वतः राणे होते. जखम मांडीला. तरी ते मागे फिरले नाहीत.

आता सुरुंग काढणं म्हणजे काय, हे मला अण्णांनी परसात समजावलं होतं. बागेतल्या ओल्या मातीत त्यांनी चपटा दगड पुरला आणि माझ्या हातात एक सळई दिली. सळई तिरकी धरायची, उभी कधीच नाही, कारण उभी टोचली तर टोक थेट सुरुंगाच्या माथ्यावर बसतं. बोटभर जागा टोचायची, मग पुढची बोटभर. मी पाच मिनिटांत कंटाळलो. अण्णा म्हणाले, "आता डोक्यावर मशीनगन चालू आहे असं समज, आणि कर." त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की शौर्य म्हटल्यावर आपण जी धाव डोळ्यांसमोर आणतो, ती इथे नव्हतीच. इथे होती ती चार दिवसांची, गुडघ्यांवरची, अत्यंत सावकाश मजुरी.

राणे सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाड्याखाली सरपटत गेले. दोन दोऱ्या हातात धरून वरच्या चालकाला इशारे देत, गाडीच्या वेगाशी वेग जुळवत. १० तारखेला वाटेत पाडलेली पाइनची पाच मोठी झाडं सुरुंगाची दारू लावून उडवली, तीही गोळीबारात. ११ तारखेला सकाळी ६ वाजता पुन्हा कामाला लागले, ११ वाजेपर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसचा रस्ता खुला केला आणि रात्री १० पर्यंत रस्ता साफ करत राहिले. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोचलं. तिथे अडकलेल्या माणसांसाठी तो एक-एक तास केवढा मोठा असेल!

त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते पदक घडवण्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्मानं युरोपातल्या, लग्नानं मराठी घरातल्या. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणारा दधीची त्यांच्या मनात होता. राणे मात्र हयातीत ते पदक छातीवर लावू शकलेल्या थोड्या माणसांपैकी एक.

आणि मग? मग नोकरी चालू. १९५५ मध्ये लग्न झालं, तेव्हा त्यांचं वय छत्तीस. राजेश्वरीबाईंबरोबर संसार मांडला. १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले, अठ्ठावीस वर्षांची सेवा. ११ जुलै १९९४ ला पुण्यात गेले, शहात्तराव्या वर्षी. त्या चार दिवसांनंतर सेहेचाळीस वर्षं ते जगले. चार दिवसांवर आपण भाषणं करतो, त्या सेहेचाळीस वर्षांवर कुणी बोलत नाही. मला तीच जास्त मोलाची वाटतात, कारण तेवढंच आयुष्य मी अण्णांचं जवळून पाहिलं.

अण्णांना पदक वगैरे काही नव्हतं. पेन्शनीत ते पहाटे साडेचारला उठत, आईसाठी पाणी तापवत, सायकल पुसत. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा न्हाणीघरापासून पलंगापर्यंत त्यांनी भिंतीला दोरी बांधली, आणि प्रत्येक गाठीवर हात ठेवून आई चालायची. गाठी त्यांनी सॅपरच्या हातानं मारलेल्या. सैल झाली एकही नाही. सोसायटीत नळ गळला, कुणाचं कुंपण पडलं, की आधी अण्णांची हाक. "रस्ता मोकळा पाहिजे," एवढंच म्हणून ते हत्यारांची पेटी घेऊन निघत. शेवटी हात थरथरू लागला तरी पेटीला तेल लावणं सुटलं नाही.

२०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली गेली, त्यात राणेंचं बेट आहे. मी बातमी वाचून दाखवली. अण्णांनी नकाशा मागितला. भिंग लावून खूप वेळ शोधत बसले.

दहाव्याच्या दिवशी माझ्या मुलीनं, आठ वर्षांची आहे ती, आजोबांच्या पलंगाखाली शिरून दोन सुतळ्या बाहेर काढल्या. कधी शिकवलं होतं तिला, मला ठाऊकही नव्हतं. एक टोक माझ्या हातात दिलं आणि ती पुन्हा खाली सरपटत गेली. मी पलंगावर बसलो. सुतळी ओढली गेली. पहिलीच होती ती, निघायची.

नमस्कार.