राखण यंत्राकडे सोपवताना

मित्रहो, म्हातारपण आणि यंत्र हे दोन शब्द एकत्र आले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे यंत्रमानव उभा राहतो. आजोबांना पलंगावरून अलगद उचलणारा, हाताला धरून चालवणारा. तसे प्रयत्न झालेही आहेत. जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने २०१५ साली अस्वलाच्या चेहऱ्याचा ‘रोबेअर’ जगाला दाखवला. माणसाला दोन्ही हातांवर उचलून खुर्चीत बसवायचं, हे त्याचं काम. त्याचं स्वतःचं वजन १४० किलो! तो घरोघरी पोचला नाही. दुखऱ्या, घाबरलेल्या देहाला न दुखवता उचलणं यंत्राला फार अवघड जातं, आणि अवघड ते महाग. त्यामुळे उचलण्याचा विषय मी आज बाजूला ठेवतो. बोलायचं आहे ते राखणीबद्दल.

घरात म्हाताऱ्या माणसाचं करणाऱ्या कुणालाही विचारा, थकवतं काय? आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं ही कामं कष्टाची खरी, पण ती उरकतात. उरकत नाही ते सतत कान देऊन बसणं. रात्री उठल्या तर नाहीत ना? गॅस बंद केला असेल का? गोळी घेतली, की विसरून दोनदा घेतली? ही राखण चोवीस तास चालते, आणि ती करणारी बाई किंवा पुरुष हळूहळू स्वतःच आजारी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत जगातली दर सहावी व्यक्ती साठीची किंवा त्यापुढची असेल आणि २०५० पर्यंत ऐंशी व त्यापुढच्या वयाची माणसं ४२ कोटींच्या वर जातील. एवढ्यांसाठी रात्रंदिवस जागायला माणसं आणणार कुठून? संगणक मात्र न कंटाळता जागतो, आणि तेही अगदी स्वस्तात.

मला या क्षेत्रातली आवडती वस्तू विचाराल, तर मी एका किटलीचं नाव घेईन. झोजिरुशी या जपानी कंपनीने २००१ साली पाणी गरम ठेवणारी एक विजेची किटली आणली. एकटं राहणाऱ्या वृद्धाने ती वापरली की त्याची नोंद व्हायची आणि दूरच्या नातेवाइकांना ईमेलने कळायचं. त्या वृद्धाला नवं काही शिकावं लागलं नाही, अंगावर काही बांधावं लागलं नाही. रोज जे करत होता तेच तो करत राहिला.

हे महत्त्वाचं का, ते ऐका. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या माणसांचा एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेकांकडे मदतीसाठी दाबायचं बटण होतं. एकटं असताना पडून उठता आलं नाही, अशा सुमारे ८० टक्के वेळा ते बटण दाबलंच गेलं नाही. कुणाच्या गळ्यात ते नव्हतं, कुणाला त्रास द्यायचा नव्हता. तासन्‌तास जमिनीवर पडून राहिलं की स्नायूंना इजा होते, मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगातलं पाणी कमी होतं. पडण्याइतकंच हे पडून राहणंही घातक असतं. म्हणून मी म्हणतो, जे साधन म्हाताऱ्या माणसाकडून काही करण्याची अपेक्षा ठेवतं, ते ऐन वेळी निकामी ठरू शकतं.

आता किमतीकडे या. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली ३५ डॉलरला मिळू लागला. दोनच वर्षांनी वायफायची चिप काही डॉलरांवर आली. हालचाल ओळखणारे सेन्सर त्याहून स्वस्त. दारावर एक, पलंगाजवळ एक, न्हाणीघराच्या वाटेवर एक, एवढ्यात घराचा दिनक्रम कळतो. रात्री पाय जमिनीला लागला की वाटेतला दिवा आपोआप लागतो, म्हणजे पडण्याचं एक कारणच कमी झालं. कुणी रात्रीतून एकदोनदा उठायचं, ते आठवडाभर पाच-सहा वेळा उठू लागलं, तर डॉक्टरांना विचारायला हवं. कदाचित मूत्रमार्गाचा संसर्ग असेल. कॅमेरा मात्र नको, न्हाणीघरात तर अजिबात नको. रडारचे छोटे सेन्सर चेहरा न टिपता माणूस खाली पडलाय का हे सांगू शकतात. आणि ही माहिती कुणाला कळवायची, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या घरात राहणाऱ्याचा. ऐंशीच्या बाईला लहान मुलीसारखं नजरकैदेत ठेवायचा अधिकार तिच्या मुलांनाही नाही.

राखणीबाहेरचा असला, तरी ऐकू येण्याच्या साधनांचाही उल्लेख करतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीची श्रवणयंत्रं प्रौढांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. त्यातून स्पर्धा वाढली, आणि माणसाला चारचौघांत पुन्हा बसता येणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

स्वस्त म्हणजे काय, यावर मात्र माझं ठाम मत आहे. विकत घेताना स्वस्त असून भागत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या तारेच्या टेलिफोनची यंत्रणा बंद करायची ठरली, तेव्हा लक्षात आलं की लाखो वृद्धांचं मदतीसाठी दाबायचं बटण त्याच तारेवर चालतं. काहींच्या बाबतीत गंभीर प्रसंग ओढवल्यावर ग्राहकांना सक्तीने नव्या यंत्रणेवर नेणं थांबवावं लागलं आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढली. कंपनीने सर्व्हर बंद केला की गप्प होणारं यंत्र पंच्याऐंशीच्या माणसाच्या घरात लावूच नये. इंटरनेट गेलं तरी दिवा लागला पाहिजे, घरातली घंटा वाजली पाहिजे. दुरुस्तीची माहिती खुली हवी, म्हणजे गल्लीतला कारागीरही ते नीट करू शकेल.

सार्वजनिक पैशातून अशी साधनं बसवणाऱ्या संस्थांकडे माझी आणखी एक मागणी आहे. सेन्सर लागले म्हणून सेविकेच्या भेटी कमी केल्या, असं होता कामा नये. राखणीतून वाचलेले तास हिशेबात वेगळे दाखवा, आणि ते त्या माणसाजवळ बसण्यासाठी, त्याला फिरायला नेण्यासाठी खर्च झाले की नाही, हे दरवर्षी जाहीर करा.