डाळमिलचे वीजबिल वाचताना

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

विदर्भात विजेच्या भावाची चर्चा निघाली की ती दोन मिनिटांत चंद्रपूरला पोचते. कोळसा आमचा, पाणी आमचे, राख आमच्या छपरांवर, आणि युनिटचा भाव मात्र पुण्या-नाशिकच्या कारखान्याएवढाच, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो आणि स्वतःही पुष्कळदा केली. तिच्यात तथ्य आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचे; कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा हीदेखील आपल्याच जिल्ह्यांतली. परंतु महावितरणचे दर विद्युत नियामक आयोग सगळ्या राज्यभरच्या ग्राहकांसाठी ठरवतो, आणि गिरणी खाणीपासून किती कोसांवर आहे याला त्या दरपत्रकात रकाना नाही. शासनाने 2016 पासून विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना बिलात सवलत दिली हे खरे; पण सवलत आज आहे आणि उद्या नसू शकते, तिच्या भरवशावर बँकेचे हप्ते बांधून घेणे मला कधी पटले नाही. म्हणून आज दराबद्दल थोडे, आणि जो भाग आपल्या हातात असून आपण पाहत नाही त्याबद्दल जास्त बोलतो.

आमची डाळमिल मूर्तिजापूरजवळ आहे. एका वर्षी तुरीची आवक ऐन भरात असताना फेब्रुवारीचे बिल डोळे पांढरे करणारे आले. मुनीमजी म्हणाले, मीटर पळतो आहे. मीही तेच धरून बसलो, अर्ज केला, मीटर तपासून घेतला. तो ठणठणीत निघाला. शेवटी गावातल्या वायरमनने पॅनेलचे मागचे दार उघडले. आत चुनीचा बोटभर थर, त्यात एक वाळलेली पाल, आणि सहापैकी चार कपॅसिटर भाकरीसारखे फुगलेले. “भाऊ, हे दिवाळीतच मेले असतील, हंगाम लागला तसे बिलात दिसले,” तो म्हणाला. ते दार वर्षभर मीच उघडले नव्हते, त्यामुळे ओरडायचे तरी कोणावर!

कपॅसिटर मेल्याने बिल का वाढते, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटर जी वीज प्रत्यक्ष कामाला लावते ती किलोवॅटमध्ये मोजतात, पण चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी ती तारेतून वरकड प्रवाहही ओढते. कपॅसिटर हा वरकड प्रवाह गिरणीतच पुरवतो; तो मेला की सगळा तारेतून ओढावा लागतो. दोन्ही मिळून होतो केव्हीए, आणि किलोवॅटचे केव्हीएशी प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. वीस किलोवॅटच्या वरच्या जोडण्यांना एप्रिल 2020 पासून युनिटेसुद्धा केव्हीएच्या हिशेबानेच लागतात. आमचा चालू भार 45 किलोवॅटचा. पॉवर फॅक्टर 0.96 असता तो 47 केव्हीए भरतो, 0.75 झाला की तोच भार 60 केव्हीए होतो. डाळ तेवढीच, मजूर तेवढेच. त्यातून आमची मंजूर मागणी, म्हणजे महावितरणशी ठरवून घेतलेली कमाल मर्यादा, 50 केव्हीए, म्हणजे वरच्या दहा केव्हीएवर मागणी आकार दीडपट. नव्या कपॅसिटरचे पैसे दोन बिलांत फिटले.

मंजूर मागणीबाबत जिनिंगवाल्यांना वेगळे सांगतो. रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रे, दिवाळीनंतर सुरू होतात आणि उन्हाळ्यात थांबतात, तरी मंजूर मागणीवरचा स्थिर आकार बारा महिने चालूच राहतो. जिनिंग, प्रेसिंग आणि सरकीच्या तेलघाण्यांना हंगामी ग्राहक म्हणून नोंदवण्याची सोय दरपत्रकात आहे. त्यात बंद काळासाठी मागणी कमी करून घेता येते. मात्र अर्ज आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो. रुई संपल्यावर जूनच्या अखेरीस आठवण झालेले मालक मी पाहिले आहेत.

आता वेळेचा मुद्दा. रात्री दहानंतर वीज स्वस्त होती, म्हणून आपल्यातल्या अनेकांनी रात्रपाळी लावली, मजुरांना चहापाणी आणि जादा हजेरी दिली. जून 2023 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला: सौर तासांत दर किमान वीस टक्के कमी, आणि मागणी चढलेल्या तासांत तो उद्योगांना जास्त. दुपार स्वस्त आणि संध्याकाळ महाग, अशी ही उलटापालट आहे. डाळमिलला ती सोयीची पडते, कारण तेलपाणी लावलेली तूर आपण आवारात उन्हातच वाळत घालतो. रात्रपाळीचा हिशेब ज्यांनी दोन वर्षांत पुन्हा मांडला नसेल, त्यांनी तो या आठवड्यात मांडावा.

लाईन गेल्यावर जे लागते ते बिलावर येतच नाही. एक लिटर डिझेलमधून जनरेटर साधारण तीन ते साडेतीन युनिटे देतो. लिटरला नव्वद रुपये धरले तरी युनिट सव्वीस ते तीस रुपयांना पडले. एक फेज उडाल्यावर मोटर जळाली तर गुंडाळणीचा खर्च निराळा, आणि संरक्षक यंत्र बसवूनही वायर वाकडी करून ते बाजूला ठेवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल दोनच वाक्ये: आपल्या भागात एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटे धरावीत, आणि जिनच्या छतावर कापसाची फुंफाटी बसते म्हणून धुण्याची माणसे आधीच ठरवावीत. सौर वीज युनिटे वाचवते; मंजूर मागणीचा आकार तसाच राहतो, हे विकणारा सांगत नाही.

ज्यांनी गेल्या महिन्याचे बिल सोबत आणले आहे त्यांनी ते आता काढावे, आणि मंजूर मागणी, नोंदलेली मागणी व पॉवर फॅक्टर या तीन आकड्यांखाली रेघ ओढावी. प्रश्नांना तिथूनच सुरुवात करू.