फटाके, भीती आणि सुक्या बोंबलाचा तुकडा

(दादरमधील एका वाचनालयात नवरात्रीच्या आधी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘दिवाळीआधीचे चार आठवडे : घरातल्या प्राण्यांची तयारी’. त्याबद्दल बोलणारच आहे. पण एका समजुतीशी माझं जुनं भांडण आहे, ते मिटल्याशिवाय तयारी सांगून काही उपयोग नाही. समजूत अशी की, कुत्रा फटाक्यांना घाबरला तर त्याला जवळ घेऊ नये, लाड केले की भीती वाढते. दुर्लक्ष करावं, आपोआप सवय होते. जनावरांचा दवाखाना उघडला तेव्हापासून मी हे ऐकतेय. शिकलेल्या माणसांकडून ऐकतेय आणि कधीकधी आमच्याच व्यवसायातल्या मंडळींकडूनही. हे साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी फार जनावरांनी फार सोसलंय.

कुत्र्याला ‘बस’ म्हटलं, तो बसला, आपण बिस्कीट दिलं, तर उद्या तो पुन्हा बसेल. बसणं त्याच्या हातात आहे. थरथरणं त्याच्या हातात नाही. भीती त्याला येते, तो ती करत नाही. थरथरणाऱ्या कुत्र्याला आज बिस्कीट दिलं म्हणून तो उद्या बिस्किटासाठी थरथरायला लागलाय, असं मी आजवर पाहिलेलं नाही.

(इथे मागच्या रांगेतली लोखंडी खुर्ची जोरात पडली.)

अहो, असू द्या, असू द्या, बसा काका. लागलं नाही ना? मी सांगून पाडलेली नाही, पण याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. अख्खा हॉल दचकला. या पहिल्या रांगेतल्या ताईंनी तर पर्स छातीशी धरली. मग सगळ्यांनी माना वळवल्या, खुर्ची दिसली, आणि हसलात. भीती संपली, कारण आवाज कशाचा ते कळलं. नेमकी हीच सोय कुत्र्याला नाही. सुतळी बॉम्ब कुठून आला, कशासाठी आला, पुढचा कधी येणार, यातलं त्याला काहीच कळत नाही. त्यात त्याचा कान आपल्याहून कितीतरी तिखट. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000च्या आसपास, मांजराला 60,000च्या वर. रॉकेट वर जाताना जी शीळ येते, तिच्यातलं आपल्याला न ऐकू येणारंही त्यांच्या कानावर पडतं.

आणि सवयीचं म्हणाल तर बहुतेकदा उलटं होतं. पहिल्या दिवाळीला नुसते कान मागे गेलेला कुत्रा तिसऱ्या दिवाळीला पलंगाखालून निघत नाही. मग ढग गडगडले तरी पलंगाखाली, कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली. आपल्या मुंबईत तर सावरायला उसंतच नाही. दहीहंडी, गणपती, विसर्जनाचे ढोल-ताशे, नवरात्र, परतीच्या पावसाचा गडगडाट, दिवाळी, लगेच लग्नसराई, मग 31 डिसेंबर. मध्येच भारत मॅच जिंकला तर तेही.

आता ज्या आजींमुळे मी या विषयावर इतकं बोलते, त्यांची गोष्ट सांगते. माझ्या विद्यार्थ्यांची ही ऐकून पाठ झालीय.

लालबागच्या चाळीतलं घर. दोन खोल्या, सहा माणसं आणि बंड्या. बंड्या म्हणजे गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. दिवाळी संपल्यावर त्याला माझ्याकडे आणला तेव्हा पुढच्या दोन्ही पंजांना फडकी गुंडाळलेली होती. सोडून पाहिलं तर दोन नखं मुळातून उखडलेली, बाकीची झिजून रक्ताळलेली. कोणीतरी सल्ला दिला होता म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला मोरीत एकटं कोंडलं होतं, सवय व्हावी म्हणून. मुलाने मोबाइलवर मोरीच्या दाराचा फोटो दाखवला. खालचा हातभर सनमायका सोलून निघालेला, आतल्या प्लायवूडच्या ढलप्या लादीवर पडलेल्या. ते सगळं त्याने नखांनी केलं होतं. मी मलमपट्टी केली, पुढच्या वर्षी त्याला एकटं ठेवू नका म्हणून बजावलं.

पुढच्या वर्षी आजींनी कारभार हातात घेतला. संध्याकाळीच त्या मोरीशी पाट टाकून बसल्या, बंड्या दोन गुडघ्यांच्या मधे, आणि बाजूला वाटीत भाजलेल्या सुक्या बोंबलाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. खाली बॉम्ब वाजला की आजी म्हणायच्या, ‘आला रे, घे,’ आणि तुकडा तोंडात. तो थरथरत असला तरी तुकडा, नसला तरी तुकडा. माळ लागली की त्या एकामागून एक तुकडे देत राहायच्या. मुलगा वैतागला. ‘आई, बिघडवतेयस तू त्याला. उद्या अजून घाबरेल.’ त्यावर आजी म्हणाल्या, ‘लहानपणी तू विजेला घाबरायचास, तेव्हा तुला मोरीत कोंडलं होतं का मी?’

(टाळ्या)

टाळ्या आजींच्या आहेत, पोचवीन. पुढच्या दिवाळ्यांत काय झालं ते ऐका. खाली धडाका झाला की बंड्या दाराकडे धावायचा बंद झाला. तो वळून आजींच्या हाताकडे बघायला लागला. आवाज आला म्हणजे बोंबील येणार, हे त्याच्या डोक्यात बसलं. घंटा आणि कुत्र्याची लाळ, पाव्हलोवचा हा धडा शाळेत सगळ्यांनी वाचलाय. आजींनी तो न वाचता केला.

आणि ही केवळ एका आजींची गोष्ट नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रे पाळणाऱ्या हजारावर लोकांना विचारलं होतं की, फटाक्यांच्या भीतीवर तुम्ही काय काय केलंत आणि कशाचा उपयोग झाला. ज्यांनी आवाज झाल्याबरोबर खाऊ दिला किंवा खेळ सुरू केला, त्यांच्यातल्या 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी फरक पडल्याचं सांगितलं. क्रम मात्र सांभाळायचा, आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर खाऊ दिसला की बॉम्ब येतो असं तो शिकेल, आणि खाऊलाच घाबरेल.

जरा विषयांतर करते, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सोसायटीत मध्यरात्रीनंतर बॉम्ब लावणाऱ्यांना मी विनंती केली तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, कुत्र्यांसाठी काय मुंबई बंद ठेवायची?’ मुंबई कुत्र्यांसाठी बंद राहिलेली आहे! जून 1832, फोर्ट. सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारली जात होती, तेव्हा पारशी मंडळी शिपायांवर चालून गेली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैनही सामील झाले आणि कुलाब्याच्या छावणीची रसदसुद्धा अडली. पुढे याच शहरात 1874 मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय उभं राहिलं, 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आणि कायदाही आपल्या बाजूचा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच मनाई केली आहे. 2023 च्या दिवाळीत उच्च न्यायालयाने मुंबईत फक्त 8 ते 10 एवढीच वेळ दिली होती. बॉम्बला मर्यादा आहे 4 मीटरवर 125 डेसिबल. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45. तेव्हा सोसायटीत बोलताना दयेची याचना करू नका, नियम दाखवा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता भराभर, लिहून घ्यायचं तर घ्या.

आजपासून फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावा, पण इतकं हळू की कुत्र्याचा कान हलेल आणि तो खात राहील. पाच मिनिटं, सोबत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे. दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. धापा टाकायला लागला, ओठ चाटायला लागला, खाणं थांबवलं, तर मागे या. मोबाइलच्या स्पीकरमधून बॉम्बचा खालचा दणका येत नाही, मोठा स्पीकर वापरा. पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हे आजच सुरू करा, त्या वयात शिकलेलं पक्कं राहतं.

जागा त्याला निवडू द्या. मुंबईच्या घरात ती बहुधा पॅसेज किंवा बाथरूम असते. तिथे गादी टाका, पंखा लावा, खिडक्या बंद, दार उघडं. आणि एक माणूस सोबत.

दिवाळीत फिरवणं अंधार पडायच्या आत. पट्टा आणि हार्नेस दोन्ही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आत्ताच घाला, कारण घाबरलेला कुत्रा घर विसरून पळतो.

म्हातारा कुत्रा, आधी घाबरत नव्हता, यंदा अचानक घाबरतोय? आधी त्याचे सांधे तपासा. दचकल्यावर अंग आखडतं, दुखतं, आणि आवाज म्हणजे दुखणं असं त्याच्या मनात बसतं.

औषध. जो भीतीने खातच नाही त्याला बोंबलाने काही होणार नाही, त्याला औषध लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या दुपारी फोन करू नका. आधीच्या एखाद्या शांत दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक डोस देऊन पाहावा लागतो. आणि कुठे नुसतं ऍसेप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध लिहून दिलं तर दुसरं काही देता येईल का, हे जरूर विचारा. त्याने अंग सैल पडतं, भीती तशीच राहते. कुत्रा गप्प पडलेला दिसतो, घरच्यांना वाटतं झोपलाय. माणसांच्या गोळ्या तर अजिबात नकोत. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी त्या चार रात्री पार्किंगचं किंवा जिन्याखालचं फाटक उघडं ठेवायला वॉचमनना सांगा, तिथे पाणी ठेवा.

मांजर कपाटावर चढून बसलं तर ओढून काढू नका, खाणं आणि मातीचा ट्रे तिथेच जवळ न्या. बोका असेल तर ट्रेवर लक्ष ठेवा. तो वारंवार जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं.

औषधांचं ज्यांना विचारायचंय त्यांनी बाहेर चहाच्या टेबलाशी थांबा, आणि येताना कुत्र्याचं वजन आठवून या.