मुलीचं वाचून होईपर्यंत थांबायचं

सलाम आणि नमस्कार. दोन्ही म्हणते, कारण नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये सकाळी भेटलं की एकमेकांना सलामच करतात, आणि शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं घरून राम राम नाहीतर जय भीम म्हणत यायची, त्यामुळं आमच्या फाटकात सकाळी तिन्ही ऐकू यायचं.

मला बोलायला सांगितलंय ते ख्रिस्ती प्राथमिक शाळेतल्या रोजच्या दिवसाबद्दल. मी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणतात, माझ्या तोंडी नगरच बसलंय) एका मराठी माध्यमाच्या अनुदानित मिशन शाळेत नोकरीची सगळी वर्षं काढली, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा कितीतरी आहेत आणि सांगायची गोष्ट सगळ्यांना थोडीफार लागू पडेल.

सकाळी रुळाच्या तुकड्यावर टोल पडायचा. तो कोण देणार? तर हजेरीपटावर ज्याचा नंबर असेल तो. पाण्याची टाकी कोण धुणार, फळ्यावर तारीख कोण लिहिणार, खिचडी कोण वाढणार, सगळं हजेरीपटाच्या नंबरानं. आज सात नंबर, उद्या आठ. आठ नंबरचं पोरगं ढ आहे का हुशार, पाटलाचं आहे का वस्तीवरचं, पाळकसाहेबांचं आहे का आणि कुणाचं, हे बघायचंच नाही. आमच्या आधीच्या बाईंनी हे लावून दिलं होतं आणि आम्ही ते मोडलं नाही, म्हणजे मी एकदा मोडलं, ते पुढं सांगते.

परिपाठ सगळ्या शाळांत असतो तसाच, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या. शनिवारी शाळा सुटताना पसायदान. आणि का नसावं, नेवासा आमच्याच जिल्ह्यात, ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब बघायला सहल तिथंच जायची. आमच्यात एक गोष्ट जास्तीची, ती म्हणजे वचन. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, दोन-तीन ओळी एका मुलानं पुढं येऊन सगळ्या शाळेसमोर मोठ्यानं वाचायच्या. पाठ म्हणायच्या नाहीत हां, वाचायच्या. आणि तेही नंबरानं. म्हणजे पहिली सोडली तर दुसरीपासून प्रत्येक पोराला वर्षातून तीन-चारदा तरी पुढं यावंच लागायचं, आणि त्याचं वाचून होईपर्यंत बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. कुणी मागून सांगायचं नाही. बाईंनी पण नाही.

आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं. सांगते.

आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली, त्याआधी मुंबईत ते 1813 पासून होतं. आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर शाळा. त्यामागं त्यांची एक श्रद्धा होती आणि ती समजून घेतल्याशिवाय मिशन शाळा कळत नाही. देवाचं वचन प्रत्येकानं स्वतः वाचलं पाहिजे, मधे कुणी सांगणारा नको. आता प्रत्येकानं म्हटल्यावर बाई आली, म्हारवाड्यातलं आणि मांगवाड्यातलं माणूस आलं, मोलकरीण आली. जिथं वाचणं हे ठराविक घरांचंच काम होतं तिथं ही केवढी मोठी उलथापालथ आहे बघा. सुरुवातीला तर त्यांच्याकडं शिकवायला ख्रिस्ती माणसंच नव्हती, म्हणून पगारी ब्राह्मण पंतोजी ठेवले होते. धर्मांतर हा त्यांचा हेतू होता, तो मी लपवत नाही आणि त्यावर लोकांचे जे आक्षेप आहेत ते पण मला माहीत आहेत. पण ज्या पोरीला कुणी पाटीला हात लावू देत नव्हतं तिच्या हातात पाटी आली, हेही तितकंच खरं आहे आणि मी त्याच पोरींच्या वंशातली आहे.

सिंथिया फरार नावाच्या बाई होत्या. लग्न न केलेली एकटी बाई अमेरिकेतून 1827 मध्ये मुंबईला आली आणि 1839 मध्ये नगरला. तिथं मुलींची शाळा चालवली आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. ही शाळा बघायला जोतीराव फुले आले होते आणि ते बघून पुण्याला मुलींची शाळा काढायचं त्यांच्या मनानं घेतलं, 1848 ची भिडे वाड्यातली शाळा ती. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं ते याच फरारबाईंकडं आणि पुण्याला मिशनरी मिचेलबाईंकडं. पुढं 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला तो छापला ज्ञानोदयनं, म्हणजे नगरलाच 1842 मध्ये सुरू झालेल्या मिशनच्या पत्रानं. दरवर्षी तीन जानेवारीला हे मी पोरांना सांगायचे. सावित्रीबाई आपल्या इथं, या गावात शिकल्या, म्हटलं की चौथीच्या पोरी एकदम ताठ बसायच्या.

नंतर खेड्यापाड्यांत शाळा गेल्या. एक मास्तर, तोच उपदेशक, वाड्यातल्या एखाद्या खोलीत नाहीतर झाडाखाली. माझ्या आजोबांना अक्षर तिथंच आलं. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 ला, आईबाप गेलेली पोरं मिशननं सांभाळली आणि बोर्डिंगं भरली. बोर्डिंग हा शब्द आमच्याकडं अजून आहे, हॉस्टेल कुणी म्हणत नाही. ते पुढं येणारच आहे बोलण्यात.

आता माझी चूक. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील, साहेब तपासणीला येणार होते. परिपाठाला वचनाचा नंबर होता तिसरीतल्या एका मुलाचा, जोडाक्षर आलं की अडकायचा. मला वाटलं साहेबांसमोर शाळेची लाज जाईल. त्याला मी आदल्या दिवशी सांगितलं की उद्या तू नको, आणि एका हुशार मुलीला उभं केलं. तिनं खडाखडा वाचलं, साहेब खूश. तो मुलगा काही बोलला नाही. पण वर्षभर त्यानं वर्गात हात वर केला नाही, वाच म्हटलं की पुस्तकात बघून गप्प. मी खूप मागं लागले, घरी गेले, त्याच्या आईशी बोलले, चौथीला थोडंफार सुधारलं, पण ते मोकळेपण परत आलं नाही. ते माझ्यामुळं झालं. त्यानंतर मी कुठल्याही साहेबासाठी नंबर बदलला नाही.

लोक विचारतात, हिंदू-मुसलमान मुलांकडून वचन वाचून घेता, हे चालतं का. चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर राज्यघटनेत आहे. कलम 30 नं अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, आणि कलम 28 सांगतं की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणावर धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येणार नाही, मूल वयानं सज्ञान नसेल तर पालकाची संमती पाहिजे. मी जूनमध्ये पालकसभेत हे कलम फळ्यावर लिहून सांगायचे. एकदा एक वडील उभे राहिले, म्हणाले बाई माझ्या पोरानं ते वाचलेलं मला नको. म्हटलं बरोबर आहे, तुमचा हक्क आहे, मग त्याच्या नंबरला तो काय वाचेल ते तुम्हीच ठरवा, पण नंबर चुकणार नाही. ते जरा गडबडले, त्यांना वाटलं होतं मी वाद घालीन. मग त्यांनी तुकोबांचा अभंग आणून दिला आणि पोरगं दरवेळी अभंग वाचायचं, वर्षभर. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एक-दोघांनी नाकं मुरडली. मी त्यांना एवढंच विचारलं, ज्या शाळेत आपल्या आजीला पहिल्यांदा कुणीतरी वाच म्हणालं, त्या शाळेत आपण कुणाला गप्प बस म्हणायचं का?

जेवणाचं सांगते. 1995 ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा मुलांना घरी न्यायला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तोही ऐंशी टक्के हजेरी असली तर. पुढं शिजवून द्यायला लागले, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ या हिशेबानं. खिचडी शिजायला लागली आणि शाळेत पंगत आली, आणि आपल्याकडं पंगत आली की जात येतेच. कोण कुणाच्या शेजारी बसतंय, कुणाचं ताट वेगळं, वाढणारी बाई कोण. आमच्याकडं दोन मुलींना घरून सांगून पाठवलं होतं की अमक्यानं वाढलेलं खायचं नाही. आम्ही भाषण दिलं नाही. वाढपी नंबरानं, बसायचं नंबरानं, आणि आधी डोळे मिटून दोन ओळींचा धन्यवाद. आठवडाभर त्या मुली ताटाकडं बघत बसल्या, मग एक दिवस मसूर होता आणि मसूर त्यांना फार आवडायचा. खाल्लं. घरी त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

कापणीचा सण आला की पोरं मूठभर बाजरी, एखादं लिंबू, शेवग्याच्या शेंगा असं घेऊन यायची आणि चर्चमध्ये त्याचा लिलाव व्हायचा, पाच रुपयांचं लिंबू शंभराला जायचं आणि ज्याचं लिंबू ते पोरगं दिवसभर तेच सांगत फिरायचं.

नाताळच्या नाटकात मात्र नंबर नव्हता. मेंढपाळ दरवर्षी मंडळीतलीच मुलं व्हायची, आईची शाल डोक्याला बांधून. एका वर्षी धनगराचा एक मुलगा मागं बसून तालीम बघत होता. त्याचे आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले, हा आजीपाशी. मधेच म्हणाला, बाई रात्रीची मेंढरं अशी मोकळी नसतात, वाघर (जाळ्याचं कुंपण) लावावी लागते, लांडगा येतो. आणि सगळे एकदम झोपत नाहीत, एक जण जागाच असतो. मी म्हटलं ये पुढं, दाखव. त्यानं मुलांना गोल बसवलं, काठी कुठं ठेवायची, घोंगडी कशी घ्यायची, कुत्रं कुठं बसतं, मेंढरू बिथरलं तर कसला आवाज काढायचा. तो आवाज त्यानं काढला आणि वर्गात अंगावर काटा आला खरंच. आणि मग त्यानं विचारलं, बाई, देवदूत ह्यांच्याकडंच का आला पहिल्यांदा? मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, हेच जागे असतील ना. मी आयुष्यभर नाताळचे संदेश ऐकलेत, मोठमोठ्या माणसांचे. एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी घोंगडीवाला मेंढपाळ तोच झाला.

आता शेवटचं, मग तुमचे प्रश्न घेऊ. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबर. कारखान्याजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, मार्च-एप्रिलपर्यंत. पटावर नाव असतं, पोरगं नसतं. म्हणून आमचं बोर्डिंग त्या सहा महिन्यांत भरायचं. आता व्हॅन दारात येतात, इंग्लिश मीडियमला जातात ज्यांना जमतं ते, मंडळीतली सुद्धा, आणि मराठी शाळेचा पट खाली येतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण कोयत्यावर जाणाऱ्यांच्या पोरांना व्हॅन न्यायला येत नाही. त्यांच्यासाठी शाळा पाहिजेच.

अशी एक मुलगी तिसरीला आली बोर्डिंगमध्ये. आधीची दोन वर्षं अर्धी-अर्धी कोपीत गेलेली, अक्षर लावून वाचायची, क ला काना का. तिचा नंबर आला डिसेंबरात. दोन ओळी होत्या. बोट ठेवून वाचायला लागली आणि दुसऱ्याच शब्दाला अडकली. सगळी शाळा उभी, थंडी, पहिलीची पोरं पाय बदलतायत. मी तिच्या शेजारी उभी, तो शब्द माझ्या जिभेवर आलेला आणि मी ओठ घट्ट मिटून. पलीकडच्या ओळीत तिचीच बोर्डिंगमधली मैत्रीण डोळे मिटून उभी होती, तिच्यासाठी प्रार्थना करत असणार. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिनं तो शब्द सोडवला, पुढचा, त्याच्या पुढचा, आणि संपल्यावर पुस्तक मिटून जागेवर गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडं वचनाला टाळ्या नसतात.

संध्याकाळी बोर्डिंगच्या फोनवर तिच्या आईचा फोन आला. कारखान्यावरून, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ही म्हणाली, आये, थांब, ठेवू नको. आणि पळत जाऊन पुस्तक घेऊन आली, माझ्या हातात फोन दिला, असा धरा म्हणाली, आणि बोट ठेवून त्या दोन ओळी परत पहिल्यापासून वाचायला लागली. तिकडून आई नुसती हूं, हूं करत होती. त्याच शब्दाला ती परत अडकली, आणि आईनं पण फोन ठेवला नाही.