आजारपण काढणारा चित्रकार

मागे बसलेल्यांनी थोडं पुढे आलात तर बरं. पडद्यावर हे चित्र मोठं दिसतंय, पण मूळ कागद वहीच्या पानाएवढाच आहे. तो म्युनिकच्या संग्रहात आहे. रेम्ब्रांट या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारानं 1630 नंतरच्या दशकात कधीतरी तपकिरी शाईनं काढलेलं हे चित्र. पलंगावर त्याची बायको सास्किया आणि पायथ्याशी बसलेली एक बाई. बस्, एवढंच.

आधी पायथ्याची बाई बघा. ती आपल्या बाजूला आहे, म्हणून मोठी आणि गडद. कुंचला शाईत बुडवून सपासप ओढलाय. आता पलंगाकडे वळा. तिथे टाक आहे, आणि रेषा एकदम बारीक, जपून काढलेल्या. एकाच कागदावर दोन हत्यारं. बाईला फटकाऱ्यांत उरकणारा हात सास्कियाच्या चेहऱ्यापाशी आला की हळू होतो. शाई खोडता येत नाही, त्यामुळे हे हळू होणं कागदावर तसंच राहिलंय.

ती आजारी आहे की बाळंतीण? अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. मला त्या वादात फारसा रस नाही, कारण त्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्याच नाहीत. लग्न 1634 चं. पुढच्याच वर्षी मुलगा झाला, तो दोन महिने जगला. 1638 आणि 1640 मध्ये मुली झाल्या. दोघींचं नाव कॉर्नेलिया ठेवलं, दोघीही काही आठवड्यांतच गेल्या. 1641 मध्ये टायटस झाला आणि तो जगला. पण जून 1642 मध्ये सास्कियाच गेली, तिशीही गाठली नव्हती तिनं. लग्नाआधी, 1633 मध्ये, याच माणसानं तिचं एक चित्र रुप्याच्या टोकानं, म्हणजे चांदीच्या टोकदार तारेनं, काढलं होतं. फुलं लावलेली टोपी, हातातही फूल. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, साखरपुड्यानंतरचा तिसरा दिवस. पलंगावरच्या या चित्राला तारीख नाही.

मराठीत एक बरं आहे, आपण चित्र काढतो आणि आजारपणही काढतो. कुणाच्या उशाशी रात्र काढतो, दिवस काढतो. या चित्रात नवरा कुठे आहे, असं मला एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं. अगं, तो समोर बसलाय, टाक घेऊन. औषध पाजायला दुसरं माणूस आहे, मग यानं करायचं काय? तो काढतोय, दोन्ही अर्थांनी.

1639 मध्ये त्यानं येशूची आई मेरी हिच्या मृत्यूचं एचिंग केलं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून घेतलेला छाप. पडदे लावलेला मोठा पलंग, भोवती माणसांची दाटी, वर देवदूत. आणि या सगळ्यात एक वैद्य मेरीची नाडी बघतोय! ही नाडी धर्मग्रंथातून आलेली नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

असे घरगुती कागद त्यानं ढिगानं काढले. यान फान दे कापेले नावाचा एक चित्रकार होता. धंदा कापड रंगवण्याचा, आणि चित्रं शांत पाण्यावरच्या शिडाच्या जहाजांची. त्याच्या मृत्यूनंतर 1680 मध्ये मालमत्तेची यादी झाली. तीत रेम्ब्रांटच्या रेखाटनांचा एक गठ्ठा आहे, नग 135. त्यावर शेरा आहे, बायकांचं जगणं, मुलांसह. जहाजं रंगवणाऱ्यानं हे एवढं जपावं याचं मला नेहमी नवल वाटतं.

चला, दिवे घालवा. पुढचं चित्र फिकट आहे.